गिरणगावच्या आठवणी लिहिताना शेजाऱ्यांचे खासगी आयुष्य किती उघड करावे?

चाळकरी (प्रश्न)

नमस्कार. माझे बालपण परळच्या एका चाळीत गेले. गेल्या वर्षभरापासून त्या चाळीच्या आणि १९८२ च्या गिरणी संपाच्या आठवणी मी माझ्या संकेतस्थळावर लेखमालेच्या रूपाने प्रसिद्ध करीत आहे. आजवर अकरा लेख झाले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला, सुमारे अडीच लाख कामगारांचा आणि रीतसर कधीच मागे न घेतला गेलेला हा संप त्याचे नेते डॉ. दत्ता सामंत, गिरणीमालक, सरकार आणि मान्यताप्राप्त युनियन यांच्या अंगाने पुष्कळ लिहिला गेला आहे. भोंगा बंद झाल्यावर दहा बाय बाराच्या खोल्यांत काय घडले, हे मात्र ज्यांच्या घरात घडले त्यांनी फारसे लिहिलेले नाही, आणि आता ती माणसेही एकेक करून जात आहेत. म्हणून मी लिहायला बसले.

आठव्या लेखात आमच्या मजल्यावरच्या एका साचेवाल्याच्या, म्हणजे मागावर कापड विणणाऱ्या कामगाराच्या, कुटुंबाविषयी लिहिले. त्यांची पत्नी खाणावळ चालवीत असे. एकटे राहणारे आठ-दहा गडी दोन पाळ्यांत तिच्याकडे जेवायला येत. पहाटे चारच्या सुमारास तिच्या स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज भिंतीपलीकडून आला की माझी आई उठत असे. संप लांबला तसे ते गडी गावी निघून गेले, त्यांच्याकडची बाकी बुडाली आणि वाण्याच्या वहीतली उधारी मात्र महिन्यागणिक वाढत गेली. त्या उधारीचा आकडा, साचेवाल्यांना लागलेले व्यसन आणि त्यांच्या थोरल्या मुलीच्या आयुष्यातील एक प्रसंग, असे तिन्ही मी लेखात लिहिले. तो प्रसंग काय होता हे येथे सांगत नाही, कारण तसे करणे म्हणजे तीच गोष्ट दुसऱ्यांदा करणे होईल.

नावे मी बदलली होती. तरीही मजला, गिरणी, गिरणीतले खाते (विभाग) आणि गाव या चार गोष्टी तशाच राहिल्या, आणि आमच्या चाळीतल्या माणसाला त्यावरून ते घर पहिल्याच परिच्छेदात ओळखू आले. साचेवाले आणि त्यांची पत्नी दोघेही आज हयात नाहीत. गेल्या महिन्यात त्यांच्या नातीचा फोन आला. कोणीतरी लेख नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात टाकला होता. ती रागावली नव्हती. "माझ्या आईच्या आयुष्यातली ही गोष्ट मला तुमच्या लेखातून कळली," एवढेच ती म्हणाली आणि लेख पूर्ण काढून टाकण्याची विनंती तिने केली.

लेख मी तूर्त अप्रकाशित ठेवला आहे, पण माझे मन दोन्हीकडे ओढले जाते. जे लिहिले ते खरे आहे आणि ते मी स्वतः पाहिलेले आहे. ती माझीही आठवण आहे. आज एक लेख काढला तर उद्या दुसरे कुटुंब येईल, आणि शेवटी गिरणगावाचा इतिहास म्हणून गणपतीतल्या आराशी आणि भजनी मंडळेच उरतील. दुसरीकडे, त्या नातीला मी काय उत्तर देणार? खरे लिहिण्याचा अधिकार मला आहे म्हणजे दुसऱ्याच्या घरातले खरे लिहिण्याचाही आहे काय, आणि माणूस गेल्यावर त्याच्या खासगीपणाचे काय होते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

फोर्टातील वकील

ताई, आधी कायद्याची बाजू सांगतो. प्रत्येक प्रकरणाचे तपशील वेगळे असतात, त्यामुळे याकडे सर्वसाधारण माहिती म्हणूनच पाहावे.

संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(क) ने आपल्याला अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य दिले आहे आणि त्यावर कोणत्या कारणांसाठी वाजवी निर्बंध घालता येतील ते १९(२) मध्ये मोजून दिले आहे. सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, न्यायालयाचा अवमान, बदनामी इत्यादी कारणे त्यात आहेत. 'खासगीपणा' हा शब्द त्या यादीत नाही. पण २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला, त्यामुळे आता एका मूलभूत अधिकारासमोर दुसरा मूलभूत अधिकार उभा राहतो. कोणता जड, हे प्रत्येक वेळी तोलूनच पाहावे लागते.

आपल्या प्रश्नाला सर्वांत जवळचा निकाल मात्र त्याच्या बराच आधीचा, १९९४ चा आहे. तामिळनाडूतील 'नक्कीरन' या नियतकालिकाला फाशीची शिक्षा झालेल्या एका कैद्याचे आत्मचरित्र छापायचे होते आणि त्यात काही अधिकाऱ्यांची नावे येणार असल्याने सरकारी यंत्रणा ते अडवू पाहत होती. राजगोपाल खटला म्हणून तो ओळखला जातो. न्यायालयाने सांगितले की सरकारला असे आधीच अडवता येणार नाही, जे सार्वजनिक अभिलेखात आहे ते छापता येईल, आणि सार्वजनिक पदावरील व्यक्तीला तिच्या अधिकृत कामाबद्दल खासगीपणाची ढाल पुढे करता येणार नाही. त्याच निकालात दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे येते. स्वतःचे, कुटुंबाचे, विवाहाचे, मातृत्वाचे, शिक्षणाचे खासगीपण जपण्याचा प्रत्येक नागरिकाला अधिकार आहे, आणि या गोष्टींबद्दल संमतीवाचून काहीही प्रसिद्ध करता येणार नाही, मग ते खरे असो वा खोटे, स्तुतीचे असो वा टीकेचे. म्हणजे 'मी खरे लिहिले' हे बदनामीच्या दाव्यात महत्त्वाचे उत्तर असले, तरी खासगीपणाच्या प्रश्नाला ते उत्तर नव्हे. ही गल्लत फार होते.

बदनामीचेही थोडे सांगतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती कलम ३५६ मध्ये आहे. दिवाणी दाव्यात मजकूर खरा असणे हा पुरता बचाव मानला जातो. फौजदारीत मात्र मजकूर खरा असण्याबरोबरच तो प्रसिद्ध होणे लोकहिताचे होते हेही दाखवावे लागते. शिवाय मृत व्यक्तीबद्दल लिहिलेले, ती जिवंत असती तर तिच्या लौकिकाला बाधणारे असेल आणि जवळच्या नातेवाइकांच्या भावना दुखावण्याच्या उद्देशाने लिहिलेले असेल, तर तीही बदनामी ठरू शकते. आपला तसा उद्देश नव्हता हे लेखाच्या सुरावरूनच दिसेल.

मृत व्यक्तीच्या खासगीपणाचा प्रश्न जयललितांच्या जीवनावरील चित्रपटाविरुद्ध त्यांच्या भाचीने लढवलेल्या खटल्यात आला होता. मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये असे म्हटले की खासगीपणाचा अधिकार त्या व्यक्तीबरोबर संपतो, तो वारसाहक्काने कोणाकडे जात नाही. या न्यायाने पाहिले तर साचेवाल्यांच्या व्यसनाबद्दल त्यांच्या नातीला त्यांच्या वतीने कायदेशीर तक्रार करणे अवघड आहे. थोरली मुलगी मात्र हयात आहे, आणि तो प्रसंग तिच्या वडिलांचा नाही, तिचा स्वतःचा आहे. माझ्या दृष्टीने कायद्याचा खरा धोका लेखाच्या तेवढ्याच भागात आहे.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्याबद्दल कोणी विचारील म्हणून एवढे नोंदवतो, की व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी केलेला विदेचा वापर त्यातून वगळला आहे. सर्वांना खुले असलेले संकेतस्थळ त्या सवलतीत बसते की नाही, यावर वाद होऊ शकतो. न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या मसुद्यात पत्रकारितेसाठी वेगळी सूट होती, ती या कायद्यात राहिली नाही. संशोधन आणि अभिलेखासाठी काही अटींवर सूट आहे. मुंबईच्या दंगलींची चौकशी करताना सामान्य माणसांच्या साक्षींचे मोल ज्यांनी इतक्या जवळून पाहिले होते, त्यांच्या मसुद्यातली ती तरतूद गळावी याचे मला अजूनही वाईट वाटते.

निवृत्त उपसंपादक

वकीलसाहेबांनी कायदा सांगितला. मी तीस वर्षे बातम्यांच्या टेबलावर काढली, तिथून जे दिसले ते लिहितो.

ताई, लेख पूर्ण काढू नका, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. गिरणीमालकांचा इतिहास कंपन्यांच्या दफ्तरात, ताळेबंदात, मालकांच्या संघटनेच्या अहवालात सुरक्षित आहे. साचेवाल्याचा इतिहास वाण्याच्या वहीत आणि शेजाऱ्याच्या आठवणीत असतो, आणि वाण्याची वही रद्दीत जाते. ती उधारी लिहिली नाही, तर संपाची किंमत कोणी मोजली हे पुढच्या पिढीला कळणार कुठून?

पण कोणाचे खासगी आयुष्य उघड करणे लोकहिताचे आहे, याचा निवाडा आपल्याच शहरात फार पूर्वी झाला आहे. करसनदास मुळजी यांनी 'सत्यप्रकाश' या गुजराती पत्रात वैष्णव महाराजांच्या अनाचारावर लिहिले, त्यावरून त्यांच्यावर बदनामीचा खटला झाला आणि १८६२ मध्ये तो मुंबईत चालला. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखे वैद्यकीय व्यवसायातले लोक तेथे साक्षीला उभे राहिले आणि महाराजांच्या गुप्तरोगांची चर्चा भर न्यायालयात झाली. माणसाच्या आजारापेक्षा खासगी दुसरे काय असते? तरीही ते सांगणे आवश्यक होते, कारण धर्मगुरूच्या अधिकाराचा वापर भक्तांच्या बायका-मुलींवर होत होता, आणि तो आजार त्या वापराचा पुरावा होता. करसनदास सुटले. आता हीच फूटपट्टी तुमच्या लेखाला लावून पाहा. साचेवाल्याच्या लेकीचा कोणावर अधिकार चालत होता? तिच्या त्या प्रसंगाने संपाबद्दल असे काय सिद्ध होते, जे उधारीने आणि बंद पडलेल्या स्टोव्हने सिद्ध होत नाही? तो भाग काढल्याने लेख दुबळा होईल असे मला वाटत नाही.

दुसरे उदाहरण आपल्या घरचेच आहे. १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर यांनी कोल्हापूरच्या महाराजांच्या छळाबद्दल दिवाण बर्वे यांच्यावर आरोप केले, ते ज्या पत्रांच्या भरवशावर केले ती पत्रे बनावट निघाली, आणि दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. हेतू निर्मळ होता, हिंमतही मोठी होती. तरी कागद कच्चा होता. आठवणही कच्चा कागदच असते, विशेषतः दहा-अकरा वर्षांच्या मुलीची, भिंतीपलीकडून ऐकलेली. तुम्ही त्या कुटुंबाशी एकदा तरी बोलून घ्यायला हवे होते. आमच्या वार्ताहराने एकाच बाजूची बातमी आणली की आम्ही ती परत पाठवीत असू.

छापील अंक आणि इंटरनेट यांतला फरकही लक्षात घ्या. आम्ही छापलेले दुसऱ्या दिवशी वडे बांधायला जात असे आणि दुखावलेल्या माणसाला तेवढा तरी दिलासा मिळे. स्पेनमधल्या एका गृहस्थांची कर्जापायी मालमत्ता लिलावाला निघाल्याची १९९८ ची वर्तमानपत्रातील नोटीस त्यांचे नाव शोधले की गूगलवर वर येत असे, कर्ज केव्हाच मिटले होते तरीही. युरोपीय न्यायालयाने १३ मे २०१४ रोजी असा निकाल दिला की नाव शोधल्यावर तो दुवा दिसू नये. वर्तमानपत्राच्या संग्रहातली नोटीस मात्र तशीच राहिली. इतिहास राहावा, पण तो माणसाच्या कपाळावर चिकटू नये, अशी ती वाट होती.

दहावीची बातमी

मी यात सहसा बोलत नाही, पण वकिलांनी 'स्तुतीचे असो वा टीकेचे' असे लिहिले, ते वाचून बोलावेसे वाटले.

मी दहावीला चांगले गुण मिळवले तेव्हा एका संकेतस्थळावर माझ्यावर लेख आला. लेख अतिशय कौतुकाचा होता. आई चार घरची भांडी घासते, वडील दारू पितात, पोरगी जिन्याखाली बसून अभ्यास करते, असे सगळे त्यात होते आणि सोबत आमच्या खोलीच्या दारात उभ्या असलेल्या माझा फोटो होता. फोटोत मागे दोरीवर वाळत घातलेले आमचे कपडे दिसतात. लेखकाने परवानगी विचारली होती, पण ती माझ्या मामाला. त्या लेखामुळे मदत मिळाली आणि तिचे ऋण मी नाकारीत नाही. तरीही कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात वर्गातल्या एका मुलीने तो लेख मोबाइलवर काढून मला दाखवला आणि 'तूच ना ही?' असे विचारले. पुढे लग्नाची बोलणी सुरू झाली तेव्हा समोरच्यांनीही तोच वाचला होता. आज मी बत्तीस वर्षांची आहे, नोकरी करते, वडिलांची दारू सुटून कितीतरी वर्षे झाली आहेत. त्या पानावर मात्र ते रोजच पितात.

चाळकरी ताई, तुमच्या लेखात ती खाणावळ चालवणारी बाई येते, हे मला फार आवडले. अशा बायकांबद्दल कोणी लिहीत नाही. मात्र तुमच्या प्रश्नातही तुम्ही उधारी आणि व्यसन पुन्हा सांगितले आहे, आणि प्रसंग तेवढा झाकला आहे. यांतले काय झाकायचे आणि काय सांगायचे हे तुम्ही ठरवले. कदाचित त्या मुलीला प्रसंगापेक्षा वडिलांचे व्यसन वाचताना अधिक लागले असेल. मला तसे लागले होते. माझा लेख प्रसिद्ध होण्याआधी कोणी मला वाचून दाखवला असता, तर मी फक्त दोन वाक्ये बदलायला सांगितली असती.

माहितीचा अर्जदार

वरचे सर्व मान्य करूनही एक धोक्याची सूचना. खासगीपणाचा हा विचार साचेवाल्याच्या लेकीसाठी आहे, तो कारभाऱ्यांच्या हाती देऊ नका. माहितीच्या अधिकाराखाली एखाद्या अधिकाऱ्याने घेतलेल्या निर्णयाचे कागद मागितले की 'वैयक्तिक माहिती' म्हणून नकार येतो. पूर्वी कलम ८(१)(ञ) मध्ये व्यापक लोकहित असेल तर अशी माहिती देण्याची सोय त्याच कलमात लिहिलेली होती. विदा संरक्षण कायद्याने ते कलमच आखडून टाकले आणि आता कलम ८(२) मधल्या सर्वसाधारण तरतुदीवर भिस्त ठेवावी लागते. गृहनिर्माण सोसायट्यांतही हेच चालते. ज्या समितीने थकबाकीदार सभासदांची नावे लिफ्टशेजारच्या फलकावर लावलेली असतात, तीच समिती दुरुस्तीच्या कंत्राटाची बिले मागितली की खासगीपणाचे कारण सांगते.

आणि बोलणाऱ्यावर काय वेळ येते तेही विसरू नये. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद का, असे फेसबुकवर लिहिणारी एक तरुणी आणि त्याला पसंती देणारी तिची मैत्रीण, अशा दोघींना पालघरमध्ये अटक झाली होती. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या कलम ६६अ चा तेव्हा आधार घेतला गेला, ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. तोवर किती जणांनी लिहिणेच सोडले असेल. म्हणून 'कोणी तक्रार केली की काढून टाका' हा नियम होऊ देऊ नये. तक्रार कोण करतो आणि त्याच्या हातात काय सत्ता आहे, हे आधी पाहावे.

चाळकरी (तीन आठवड्यांनंतर)

सर्वांचे मनापासून आभार. 'दहावीची बातमी' यांचे म्हणणे वाचून दोन दिवस काही सुचले नाही. नंतर त्या नातीला फोन केला, तिच्या आईशी बोलण्याची परवानगी मागितली आणि मागच्या रविवारी बदलापूरला जाऊन आले. पुढे जे लिहीत आहे ते त्यांच्या संमतीने लिहीत आहे.

लेखाची छापील प्रत मी बरोबर नेली होती. त्यांनी चष्मा लावून ती सगळी वाचली, मध्ये एकदा उठून गॅस बंद करून आल्या आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचू लागल्या. स्वतःविषयीच्या परिच्छेदावर त्यांनी बोट ठेवले आणि "हे नको" एवढेच म्हणाल्या. त्यावर चर्चा झाली नाही आणि मीही ती केली नाही. वडिलांच्या व्यसनाबद्दल म्हणाल्या, "प्यायचे ते खरं आहे. पण संपाच्या आधी शिवत नव्हते, ते तू लिहिलं नाहीस." ते मला ठाऊकच नव्हते. मी त्यांना ओळखू लागले, त्या वयात संप सुरू झालेला होता.

उधारीचे निघाले तेव्हा त्या कपाटातून एक वही घेऊन आल्या. वाण्याकडे जशी वही असे तशीच आईने आपल्याकडेही ठेवली होती. शाळेची शंभर पानी वही, कडेला हळदीचे डाग. प्रत्येक देण्यासमोर फेडल्याची तारीख आणि त्यावर आडवी रेघ. शेवटची रेघ १९९१ मधली आहे. खाणावळ बंद झाल्यावर त्या माउलीने दादरच्या कचेऱ्यांतून डबे देऊन नऊ वर्षांत एकेक पैसा फेडला होता. माझ्या लेखात उधारीचा आकडा होता, ती फिटल्याचा उल्लेख नव्हता, कारण १९८५ मध्ये आम्ही चाळ सोडली आणि माझी आठवण तिथेच थांबली. "आकडा राहू दे," त्या म्हणाल्या, "पण फेडलं तेही लिही." वहीचा फोटो घेऊ का, असे विचारले. त्यांनी थोडा विचार करून नको म्हटले, म्हणून घेतला नाही.

लेख आता नव्याने लिहिला आहे. मुलीचा प्रसंग काढला. गाव आणि खात्याचे नावही काढले. गिरणीचे नाव मात्र ठेवले आहे, कारण ती शेकडो कामगारांची होती आणि ते लपवण्याचे कारण मला दिसत नाही. उरलेल्या दहा लेखांतील ज्या कुटुंबांचा पत्ता लागेल, त्यांना ते वाचून दाखवायला सुरुवात केली आहे. एका घराने सरळ नकार दिला. तो लेख संपातील घरभाड्याच्या थकबाकीबद्दल आहे आणि त्यात घरमालकाच्या माणसांच्या दांडगाईचे वर्णन आहे. नकार देणारे घर भाडेकरूचे नसून त्या घरमालकाच्या वंशजांचे आहे. तो लेख मी काढलेला नाही.

आता एकच अडचण उरली आहे. जुना आठवा लेख दोन जणांनी आपल्या पानांवर जसाच्या तसा उतरवून घेतला होता. त्याचे काय करावे?

फोर्टातील वकील

प्रथम दोघांनाही साध्या भाषेत लिहा, की मूळ लेखिका म्हणून हा मजकूर आपण मागे घेतला आहे आणि सुधारित लेखाचा दुवा सोबत देत आहात. बहुतेक जण तेवढ्यावर ऐकतात. न ऐकल्यास लेखाचा प्रताधिकार आपला आहे, त्या आधारावर ते पान ज्या सेवेवर आहे तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे दोन्ही दुवे देऊन लेखी तक्रार करा. पाने उतरली तरी शोधयंत्रात जुना उतारा काही दिवस दिसत राहतो. कालबाह्य मजकूर काढण्यासाठी गूगलचा वेगळा अर्ज आहे, तो भरा. व्हॉट्सअ‍ॅपवरून जे पुढे गेले ते परत आणता येणार नाही. त्या गटात नातीने स्वतः सुधारित लेख टाकला तर चालेल का, ते तिला विचारून पाहा.